गेटवरच्या काकांना पेट्रोलचा वास आला, पण त्याआधी आठ जणांनी काहीतरी पाहिलं होतं

सदरवाली (धागाकर्ती)

नमस्कार. नागपुरातल्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं शिकवते. त्यातली सहा वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही आणि कृपया कोणी तर्कही करू नका. यात एक मुलगी आहे, ती आज याच शहरात नोकरी करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, प्रॅक्टिकलचे दिवस. दुपारी पावणेतीनच्या सुमारास पार्किंगच्या शेडमध्ये तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा होता. हातात कोल्ड्रिंकची बाटली. झाकण सुटू नये म्हणून खाली पन्नीचा तुकडा लावून आवळलेलं. गेटवरचे काका वाकड्यातिकड्या लागलेल्या गाड्या सरळ करायला तिकडे गेले आणि त्यांना पेट्रोलचा वास आला. काका ओरडले नाहीत. म्हणाले, "काऊन बेटा, गाडी बंद पडली का? चाल, केबिनमध्ये बस, पाणी पी." खांद्यावर हात ठेवला तसा तो मुलगा थरथरायला लागला. केबिनमध्ये गेल्यावर बाटली त्याने स्वतःच टेबलावर ठेवली. खिशातून लायटर निघाला. ज्या मुलीची तो वाट पाहत होता ती तेव्हा वरच्या मजल्यावर व्हायव्हा देत होती.

पोलीस आले, गुन्हा नोंदवला गेला, ते सगळं रीतसर झालं. मला लिहायचंय ते त्या संध्याकाळच्या स्टाफरूमबद्दल. जो तो म्हणत होता, "मला वाटलंच होतं." मी हजेरीच्या जुन्या कागदामागे लिहीत गेले. आठ नावं झाली. वाचनालयातले शिपाई म्हणाले, पंधरा दिवसांपासून तो एकाच खुर्चीवर बसायचा, जिथून मुलींच्या वाचनकक्षाचं दार दिसतं. गणिताच्या सरांनी सांगितलं, चाचणीचा पेपर कोरा दिला होता आणि खाली एकच ओळ लिहिली होती, "आता याचा काही उपयोग नाही." फीच्या खिडकीवरच्या ताईंना ठाऊक होतं की वडिलांना अर्धांगवायू झालाय आणि दोन हप्ते थकलेत. मेसवाल्या भाऊंना दिसलं होतं की पोट्टं आठवडाभर जेवलंच नाही. रूममेटला त्याने आपली बॅट आणि गाइडं देऊन टाकली होती. वर्गातल्या एका मित्राने त्याचं स्टेटस वाचलं होतं, "सोमवारी सगळ्यांना समजेल." वर्गशिक्षकांच्या वहीत सलग बारा दिवस गैरहजेरी होती. आणि आठवी मी. ती मुलगी माझ्याकडे आली होती. शंकरनगर चौकापासून लॉ कॉलेज चौकापर्यंत तो रोज मागे येतो, म्हणाली. मी तिला सांगितलं, नंबर बदल आणि मैत्रिणीसोबत जात जा.

हे लिहिताना आजही हात जड होतो.

आठांपैकी कोणीही बेफिकीर नव्हतं. प्रत्येकाकडे एकच तुकडा होता आणि तो एकटा तुकडा किरकोळ दिसत होता. ते सगळे तुकडे मांडता येतील असं टेबल आमच्याकडे नव्हतं. तुमच्या कॉलेजात आहे का? असेल तर कसं चालतं? परदेशात याला थ्रेट असेसमेंट म्हणतात, आपण धोक्याची पारख म्हणू. जाणकारांनी लिहावं. विद्यार्थ्यांनी तर नक्कीच लिहावं.

स्पष्टवक्ता

वाचून अंगावर काटा आला. पण मॅडम, असल्या पोरांना पहिल्याच तक्रारीला टीसी देऊन हाकलावं. एक सडका आंबा पेटीत कशाला ठेवायचा?

सदरवाली

आम्ही नेमकं तेच केलं. घटनेनंतर आठवड्यात त्याच्या हातात टीसी होती. पुढे त्याला जामीन झाला, आणि त्यानंतरचे चार महिने त्या मुलीने कसे काढले ते मी पाहिलं आहे. तो कॉलेजात असताना निदान सकाळी वर्गात आला की नाही हे कोणीतरी सांगू शकत होतं. बाहेर पडल्यावर तो कुठे आहे, जेवला का, कोणाशी बोलतो, औषधं घेतो का, हे बघणारं कोणीच उरलं नाही. ती रोज गेटवर काकांना विचारायची, "काका, तो दिसला का?" काढून टाकायची वेळ येते, हे मला मान्य आहे. पण काढल्यावर आपलं काम संपलं असं समजलो, ती चूक होती. टीसी देताना त्याच्या घरी कोण आहे, डॉक्टर कोण बघणार, पोलीस ठाण्यात कोणाशी बोलायचं आणि मुलीला रोज कोण विचारणार, हे ठरायला हवं होतं.

परदेशी नागपूरकर

मी नागपुरातल्या महाल भागातला. गेली चौदा वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये एका सरकारी विद्यापीठात काम करतो, प्रशासनाकडच्या बाजूला. इथे हा विषय पुस्तकी नाही. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि मग स्वतःला संपवलं. राज्याने नेमलेल्या समितीने नंतर जे शोधून काढलं ते सदरवाली यांच्या कागदासारखंच होतं. इंग्रजीच्या प्राध्यापकांना त्याच्या लिखाणाची धास्ती वाटत होती, एकीने तर त्याला वर्गातून काढून वेगळं बसवून शिकवलं. मुलींनी त्याच्या मेसेजबद्दल कॅम्पस पोलिसांकडे तक्रार केली होती. डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्याला बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. वसतिगृहाला माहीत होतं, समुपदेशन केंद्राला माहीत होतं. प्रत्येकाला वाटलं की गोपनीयतेच्या कायद्यामुळे आपण दुसऱ्याला सांगू शकत नाही. प्रत्यक्षात शिक्षकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला त्या कायद्याची आडकाठी नव्हती.

२००८ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की प्रत्येक सरकारी कॉलेज-विद्यापीठात धोक्याची पारख करणारं पथक असलंच पाहिजे. २०१३ मध्ये तो शाळांनाही लागू झाला. आमच्याकडच्या टेबलावर विद्यार्थी विभागाचे अधिकारी, समुपदेशक, कॅम्पस पोलीस, वसतिगृह, कर्मचारी विभाग आणि कायदा सल्लागार बसतात. ठरलेल्या दिवशी भेटतात. काही घडलं नसलं तरी भेटतात, हे महत्त्वाचं. कारण ज्यांची आधीपासून ओळख नसते ते संकटाच्या दिवशी एकमेकांचे फोन नंबर शोधत बसतात.

एक गोष्ट समजायला मला दोन वर्षं लागली. धमकी देणारा वेगळा आणि धोका असणारा वेगळा. रागाच्या भरात "तुला पाहून घेईन" म्हणणारी शंभर पोरं असतात, बहुतेकांचा राग चहा संपेपर्यंत उतरतो. उलट ज्याच्या मनात खरंच ठरतंय तो समोरच्याला धमकी देईलच असं नाही. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणाऱ्या यंत्रणेने, शिक्षण खात्यासोबत १९७४ ते २००० दरम्यानचे शाळांमधले ३७ हल्ले तपासले, हल्लेखोर ४१. अहवाल २००२ साली आला. लक्ष्य ठरवलेल्या व्यक्तीला आधी थेट धमकी दिली होती फक्त १७ टक्के प्रकरणांत. पण ८१ टक्के प्रकरणांत कोणा ना कोणाला, बहुतेक वेळा मित्राला किंवा भावंडाला, आधीच कुणकुण होती. ९३ टक्के हल्लेखोरांच्या वागण्याची आजूबाजूच्यांना आधीच काळजी वाटली होती. हे आकडे शाळांचे आहेत आणि तिकडच्या बंदुकांच्या देशातले आहेत, तेवढं लक्षात ठेवून वाचा. तरी "सोमवारी सगळ्यांना समजेल" हे वाचल्यावर मला तोच अहवाल आठवला. इकडे त्याला गळती म्हणतात. आतलं बाहेर झिरपतं.

म्हणून आमच्या टेबलावर पहिला प्रश्न "काय म्हणाला?" हा नसतो. "काय करतोय?" हा असतो. हत्यार जमवतोय का, जागा पाहून ठेवतोय का, वस्तू वाटून टाकतोय का, आधी ज्या गोष्टीत जीव होता ती सोडली का. आणि लगेच दुसरा प्रश्न, त्याला धरून ठेवणारं कोण आहे?

तिसरं वर्ष

मी विद्यार्थी आहे, वसतिगृहात राहतो. धागा मनापासून वाचला, तरी मला भीती वाटते ती सांगतो. आमच्या होस्टेलला भामरागडकडची मुलं आहेत, धारणीची आहेत. ती गप्प असतात. घरची भाषा माडिया किंवा कोरकू, इथे मराठी बोलताना हसतात म्हणून बोलत नाहीत. उद्या तुमचं टेबल बसलं की पहिली चिठ्ठी कोणाच्या नावाची निघेल? गप्प राहणारा, एकटा जेवणारा, काळे कपडे घालणारा, मोर्चात जाणारा. फी थकलेला तर नक्कीच. आणि ज्या पोरांची गँग आहे, जी ज्युनिअरला रात्री दोनला उठवतात, ज्यांचे वडील नगरसेवकांच्या ओळखीचे आहेत, त्यांचं नाव कोण लिहिणार? आमच्याकडे मागच्या वर्षी एका मुलाला "विचित्र वागतो" म्हणून ऑफिसात बोलावलं. त्याच्या आईला गावाहून बोलावलं. तो फक्त उदास होता. त्या दिवसानंतर त्याच्या शेजारी कोणी बसेना.

तुम्ही वाईट हेतूने करताय असं म्हणत नाही. पण हे शस्त्र कोणाच्या हातात जाईल?

सदरवाली

तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तू म्हणतोस ते खरं आहे आणि ते होऊ शकतं.

परदेशी नागपूरकर यांनी सांगितलेल्या त्याच अहवालाचा एक निष्कर्ष तुझ्या बाजूचा आहे. हल्लेखोरांचा एक ठरावीक साचा सापडला नाही. कोणी एकलकोंडा होता, कोणी मित्रांत रमणारा. कोणी नापास, कोणी पहिल्या पाचातला. म्हणजे "असा दिसतो, असा राहतो" यावरून नाव लिहिणं अन्यायाचं तर आहेच, शिवाय उपयोगाचंही नाही. आमच्या कागदावरच्या आठ गोष्टींत "गप्प असतो" हे नव्हतं. पाठलाग होता, कोरा पेपर होता, वाटून टाकलेली बॅट होती.

आणि ज्युनिअरला रात्री दोनला उठवणाऱ्यांचं नाव पहिल्या पानावर यायला हवं. रॅगिंग ही कॉलेजातली सगळ्यात ठरवून केलेली हिंसा आहे.

त्या मुलाच्या आईला बोलावलं ते चुकलंच. आधी त्याच्याशी बोलायला हवं होतं, एकट्याशी, आणि ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा माणसाने. तुमच्या होस्टेलला तसं कोण आहे?

तिसरं वर्ष

मेसचे बबनभाऊ. (नाव बदललंय.) सगळे त्यांच्याशीच बोलतात.

वर्धेची लेक

हिंगणघाट विसरू नका. ३ फेब्रुवारी २०२०. कॉलेजात शिकवणारी तरुण प्राध्यापिका, सकाळी कामावर निघालेली, नंदोरी चौकात ओळखीच्याच माणसाने तिच्यावर पेट्रोल टाकून पेटवलं. नागपूरच्या रुग्णालयात आठवडाभर झुंजली आणि १० फेब्रुवारीला गेली. त्या आठवड्यात मी माहेरी होते. बाजार बंद होता, मुली रस्त्यावर उतरल्या होत्या आणि आमच्या गल्लीतल्या बायका एकच म्हणत होत्या, त्याचा त्रास काही नवा नव्हता. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ला, न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

त्यानंतर माझ्या भाचीच्या कॉलेजने काय केलं असेल? गेटवर ओळखपत्र तपासायला सुरुवात केली. ती नंदोरी चौकात चालत होती. कॉलेजच्या गेटला तिथे काय अर्थ होता? मला वाटतं आपल्याकडे हा विषय बंदुकीचा नाही, पाठलागाचा आहे. जी मुलगी पहिल्यांदा तोंड उघडते तिला आपण काय सांगतो, तिथेच सगळं ठरतं. सदरवाली, तुम्ही स्वतःचं लिहिलंत त्याबद्दल तुमचा आदर वाटतो. माझ्या आईनेही मला नंबर बदलायलाच सांगितलं होतं.

निवृत्त फौजदार

चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच सीताबर्डी आणि अजनीकडे. थोडं कायद्याचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात.

पाठलाग हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ३५४ड होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. मोबाइलवरून, इन्स्टावरून मागे लागणंही त्यातच येतं. आणि हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी तो नोंदवून तपास करायलाच हवा. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवलं तर ऐकू नका, वरिष्ठांना भेटा. हद्द आमची नाही असंही कोणी म्हणू शकत नाही, गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग तो योग्य ठाण्याकडे जातो. धोका समोर उभा असेल तर थेट ११२.

आता जे कायद्यात नाही ते. आमची एक सवय होती, पोराला बोलवायचं, दोन शब्द सुनवायचे, समज देऊन सोडायचं. दहातल्या आठांना तेवढं पुरतं. उरलेल्या दोघांचं डोकं मात्र त्याच रात्री फिरतं, कारण त्याला वाटते, हिने मला गावात उघडं पाडलं. मी एक प्रकरण असं पाहिलं आहे की समज दिल्यापासून तिसऱ्या दिवशी तो तिच्या घरासमोर होता. म्हणून समज देणार असाल त्या दिवशी मुलीला सांगा, तिच्या घरच्यांना सांगा, आणि पुढचे दोन आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवा. कॉलेजवाले हे आम्हाला सांगतच नाहीत. ते ठाण्यात येतात तेव्हा रक्त निघालेलं असते. राजेहो, आधी या. गुन्हाच नोंदवायचा असं नाही, नुसतं विचारायला या. महिलांना मदत करणाऱ्या पोलिसांच्या भरोसा सेलला जा.

पुरावा म्हणून एक साधी वही. तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणी पाहिलं. मेसेज डिलीट करू नका, राग आला तरी. आमच्याकडे मुली यायच्या आणि म्हणायच्या, साहेब, घाण वाटत होतं म्हणून सगळं पुसून टाकलं.

दुसरा प्रकार टोळीच्या मारामारीचा. त्याची सुरुवात आता स्टेटसवरून, रीलवरून होते. चौकात तलवारीने केक कापला, त्याचा व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपने पाहिला, संध्याकाळी फुटाळा तलावावर गाठलं. यात एकटा पोरगा शोधून भागत नाही, दोन्हीकडचा एकेक समजूतदार दोस्त धरावा लागतो.

समुपदेशिका, धंतोली

मी एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस जाते आणि बाकी वेळ स्वतःचं क्लिनिक. तीन गोष्टी लिहिते.

पहिली, मानसिक आजार म्हणजे हिंसा नव्हे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक कोणाला इजा करणारी नाहीत, उलट त्यांच्याशीच लोक वाईट वागलेले असतात. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. मी एखाद्या मुलाला डॉक्टरांना भेटू या म्हटलं की तो लगेच विचारतो, "मॅडम, तिकडे पाठवता का?" इतकं ओझं आधीच त्याच्या डोक्यावर आहे. त्यात धोक्याच्या पारखेचं टेबल जर वेडे शोधण्याचं टेबल झालं तर कोणीच माझ्या खोलीचं दार उघडणार नाही.

दुसरी, तरीही दोन्ही गोष्टी कुठेतरी भेटतात. त्या ३७ हल्ल्यांच्या अभ्यासात ७८ टक्के हल्लेखोरांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा तसे विचार त्यांच्या मनात होते. सदरवालींच्या कागदावरची बॅट आणि गाइडं मी वाचली तेव्हा मला आधी तो मुलगा स्वतःचं काही करणार होता असंच वाटलं. कदाचित दोन्ही. आपल्याकडे कॉलेजात जे टळायला हवं त्यात सगळ्यात जास्त आत्महत्याच आहेत. तेच टेबल, तेच प्रश्न, त्याने हे जीवही वाचतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र, फुकट, मराठीत. आपल्या फोनमध्ये ठेवा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. आपल्या कॉलेजात विचारून बघा, नेमला का.

तिसरी गोपनीयतेची. मुलं मला सांगतात ते माझ्याजवळ राहतं आणि राहिलंच पाहिजे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ मध्ये अपवाद दिलेले आहेत. दुसऱ्या कोणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवायला जितकी माहिती लागते तितकी सांगता येते. जितकी लागते तितकीच. "तो अमुक मुलीबद्दल असं बोलला, तिला सावध करा" हे सांगायचं, त्याच्या आईवडिलांच्या भांडणाची गोष्ट सांगायची नाही. हा विचार जुना आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बर्कलेला शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं की तो एका मुलीला मारणार आहे. कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याच्याशी बोलून सोडून दिलं. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना मात्र कोणीच सांगितलं नाही. त्याने तिला मारलं. तारासॉफ खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा वेळी तिला वाचवण्याची वाजवी काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्यच आहे. मी पहिल्याच भेटीत मुलाला सांगते, "तुझं सगळं माझ्याजवळ राहील, फक्त कोणाचा जीव जाणार असेल, तुझा किंवा दुसऱ्याचा, तर मी गप्प बसणार नाही." आजवर यामुळे उठून गेलेला एकही मुलगा मला आठवत नाही.

प्रशासन खिडकी

कॉलेजच्या ऑफिसात आहे, म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडे आधीच रॅगिंगविरोधी समिती, रॅगिंगविरोधी पथक, अंतर्गत तक्रार समिती, तक्रार निवारण, शिस्त समिती, विद्यार्थी विकास. प्रत्येकीत तेच सहा प्राध्यापक. आता आणखी एक समिती म्हटलं की प्राचार्य हातच जोडतात. शिवाय संस्थाचालकांना वाटतं, अशी समिती आहे म्हटलं की पालक म्हणतील इथे गुंडगिरी आहे वाटतं.

पण एक गोष्ट त्यांना सांगितली की ते ऐकतात. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९चा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. हयगय केली तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. यूजीसीचे २००९चे नियम वेगळे, मुलांकडून आणि पालकांकडून दरवर्षी प्रतिज्ञापत्र घ्यायचं, पथकाने वसतिगृहात अचानक जायचं. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे आम्ही नीट बांधून ठेवतो. पथक अचानक गेलंय असं मी नऊ वर्षांत दोनदा पाहिलं.

माझं मत, नवी समिती नको. आहेत त्यांचे दोन-तीन लोक आठवड्यातून अर्धा तास एकत्र बसले तरी पुष्कळ. आणि फीच्या खिडकीवरच्या बाईला विचारा. कोणाच्या घरी काय बिघडलं ते आमच्याकडे सगळ्यात आधी कळतं, हप्ता थकतो तेव्हा.

काटोलचा बाप

मी कधी लिहीत नाही, वाचत असतो. मुलीने टाइप करून दिलं.

माझा मुलगा नागपूरला शिकत होता. दुसऱ्या वर्षी एका मुलासोबत त्याचं भांडण झालं, सगळ्यांसमोर कानाखाली मारली त्याने. पोराने खोली सोडली नाही चार दिवस. मले काही माहीत नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराचे दिवस होते, मी बागेत पाणी सोडत होतो, तेव्हा त्याच्या एका मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तक्रार नाही दादा. तो जेवत नाहीये. तुम्ही या, पण रागावू नका." मी मोटर बंद केली आणि तसाच निघालो, पायाला चिखल होता. खोलीत गेलो तर गादीखाली लोखंडी पाइप होता. त्याने तो कबाडीवाल्याकडून आणला होता. मी काही बोललो नाही. त्याला संत्रं सोलून दिलं, दोघांनी खाल्लं. मग तो रडला. त्या मॅडमनी त्या दुसऱ्या मुलालाही बसवलं, कानाखाली मारणाऱ्याला. महिनाभर दर सोमवारी त्या माझ्या पोराला भेटल्या. आज तो पुण्याला नोकरीला आहे.

वर कोणी सडका आंबा म्हटलं. त्यांना राग म्हणून सांगत नाही. त्या चार दिवसांत माझं पोरगं तोच आंबा होतं.

स्पष्टवक्ता

दादा, माफ करा. शब्द मागे घेतो.

परदेशी नागपूरकर

दादांचा प्रतिसाद मी आमच्या पथकातल्या लोकांना इंग्रजीत सांगितला. त्यांनी विचारलं, त्या मॅडमना कसं कळलं की तो जेवत नाहीये?

काटोलचा बाप

मेसवाल्याने सांगितलं होतं.

सदरवाली

उशिरा लिहिते आहे, कारण मध्ये आम्ही बसायला सुरुवात केली. प्राचार्यांनी आधी वेळ दिला नाही, मग प्रशासन खिडकी यांच्या प्रतिसादातलं सात दिवसांचं कलम त्यांना वाचून दाखवलं. दर बुधवारी, तिसऱ्या तासानंतर अर्धा तास. नवी समिती म्हटलेलं नाही. मी, अंतर्गत तक्रार समितीच्या मॅडम, मुलांचे रेक्टर, आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशिका, फीच्या खिडकीवरच्या ताई, मेसचे भाऊ आणि गेटवरचे काका. पोलीस दर वेळी नसतात, पण ठाण्यातल्या एका अधिकारी मॅडमचा नंबर आमच्या सगळ्यांकडे आहे आणि त्या आम्हाला चेहऱ्याने ओळखतात. तिसरं वर्ष यांचा मुद्दा धरून दोन विद्यार्थीही घेतले, ते त्यांनीच निवडलेत. बोलताना नुसतं पाहिलेलं सांगायचं, वाटलेलं नाही, एवढा एकच नियम केला. "तो विचित्र आहे" म्हटलं की काय पाहिलं ते विचारायचं. काही सापडलं नाही तर नाव त्या टेबलावरच पुसायचं. वही कुलपात असते आणि किल्ली प्राचार्यांकडे नसून समुपदेशिकांकडे असते, यावर आमचा चांगलाच वाद झाला.

पहिल्या बुधवारी काका दाराशी उभेच राहिले. खुर्ची दिली तर म्हणाले, "बसतो न मॅडम, पण गेटवर कोण आहे ते पाहून येतो." आले तेव्हा खिशातून छोटी डायरी काढली, त्यात गाड्यांचे नंबर लिहितात ती. मागच्या पानावर त्यांनी मुलांची नावं नव्हती लिहिली, खुणा होत्या. "निळी सायकल." "लाल टोपी." "चष्मा, जिना." म्हणाले, "निळी सायकलवाला पोट्टा दोन दिवसांपासून दिसून नाही राहिला. रोज मले हात दाखवते तो. कोणाले माहीत आहे का?"

टेबलाभोवती आम्ही नऊ जण. कोणालाच माहीत नव्हतं. रेक्टरांनी यादी काढली, एका विद्यार्थ्याने सायकल ओळखली, फोन लागला. तो उमरेडला घरी होता, तापाने फणफणलेला. त्याच्या आईने विचारलं, कॉलेजातून कोण बोलतंय? रेक्टरांनी फोन काकांच्या हातात दिला.